धावणाऱ्यानं थांबायला शिकावं का?

मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली, आणि तिच्याबरोबर या शहरात पहाटे धावण्याची सवयही वाढली. शर्यत जानेवारीत असते, त्यामुळे ऑक्टोबरपासूनच लालबाग-परळची मंडळी शिवाजी पार्ककडे आणि गिरगावातली मंडळी मरीन ड्राइव्हकडे अंधार असतानाच निघतात. भटक्या कुत्र्यांच्या दृष्टीनंही हेच महिने सर्वांत नाजूक. आपल्याकडे त्यांचा माजाचा काळ बहुतेक पावसाळ्यात आणि त्यानंतर येतो. त्या दिवसांत नरांची आपसात भांडणं जुंपतात. दोनेक महिन्यांनी पिल्लं होतात आणि पिल्लांची आई कुणालाही जवळ येऊ देत नाही. माणसाचा सरावाचा मोसम आणि कुत्र्यांचा विणीचा मोसम एकाच अरुंद गल्लीत समोरासमोर येतात.

अशा वेळी धावणाऱ्यानं काय करावं आणि शहरानं काय करावं, या प्रश्नावर शहरात दोन बाजू आहेत आणि त्या एकमेकींचं ऐकून घेत नाहीत. म्हणून इथं त्या दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहे लालबागचा धावणारा भाचा. दुसरी त्याची गिरगावातली मावशी: परळच्या एका रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका, रोज रात्री गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालणारी. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

भाचा : मावशी, तू कुत्र्यांना दूधभात घालतेस म्हणून तुलाच विचारतो. परवा पहाटे हिंदमाताकडून दादर टीटीकडे धावत होतो. बंद दुकानाच्या फळीखालून तीन कुत्री उठली आणि थेट पायांवर आली. मी जीव खाऊन पळालो. सिग्नलपर्यंत मागे होती. चावली नाहीत, पण आता मी हातात काठी घेतल्याशिवाय निघणार नाही.

मावशी : तू पळालास म्हणून ती सिग्नलपर्यंत आली. पळणाऱ्याच्या मागे लागणं त्यांच्या रक्तातच आहे. मोटारसायकलच्या चाकामागे लागतात, सायकलमागे लागतात, तशी तुझ्या पोटऱ्यांमागे. तू कितीही जोरात धाव, कुत्रं तुझ्यापेक्षा जोरात धावतं.

भाचा : म्हणजे दोष माझाच?

मावशी : दोषाचं नाही बोलत मी, तुझ्या पोटरीचं बोलतेय. कुत्री अंगावर आली की थांबायचं. एकदम खिळून नाही. वेग कमी करत दोन पावलांत चालीवर यायचं आणि उभं राहायचं. अंग थोडं तिरकं ठेवायचं, हात अंगाशी. डोळ्याला डोळा लावायचा नाही, पण पाठही करायची नाही. किंचाळायचं नाही, खालच्या आवाजात, ठामपणे ‘हट’ म्हणायचं. समोरचा पळत नाही म्हटल्यावर बहुतेक कुत्र्यांचा निम्मा जोर तिथंच संपतो. मग हळूहळू मागे सरकत त्यांच्या हद्दीबाहेर जायचं. हद्द म्हणजे फार मोठी नसते. चारपाच दुकानं, एखादा कचऱ्याचा डबा, एखाद्या इमारतीचं फाटक. ती ओलांडलीस की त्यांचं काम झालं.

भाचा : घरात बसून सांगायला सोपं आहे. तीन कुत्री दात काढून समोर असली की पाय थांबत नाहीत गं.

मावशी : म्हणून आधी करून बघायचं. शिवाजी पार्कला फेऱ्या मारतोस ना, तिथं मधेच थांबायचा, तिरकं उभं राहायचा सराव कर. भीती वाटणारच. भीती वाटली तरी अंगाला सवयीनं सुचलं पाहिजे. आणि कानातले ते इअरफोन अंधारात काढून ठेव. गुरगुर ऐकू आली असती, तर तू रस्ता आधीच ओलांडला असतास.

भाचा : प्रत्येक भुंकण्याला रस्ता ओलांडत बसलो तर धावणार कधी?

मावशी : प्रत्येक भुंकण्याला नाही. जे कुत्रं लांबून भुंकतं आणि भुंकता भुंकता मागे सरतं, ते तुला फक्त ‘लांब राहा’ सांगतंय. अंग ताठ, शेपटी वर ताठ, मानेवरचे केस उभे, नजर तुझ्यावर रोखलेली आणि आवाज नाही, असं कुत्रं दिसलं की त्या बाजूला जाऊच नकोस. शेपटी हलते म्हणजे खूशच आहे, असंही धरायचं नाही. ताठ शेपटी बारीक हलत असेल तर ते तणावात असतं. कुत्री झोपली असतील तर त्यांच्या कानाशी धपधप धावत जाऊ नकोस. दचकून उठलेलं कुत्रं आधी चावतं, मग बघतं. आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एखादी कुत्री गाडीखालून एकटी गुरगुरत बाहेर आली, तर मागे पिल्लं आहेत असं समजूनच चाल.

भाचा : बरं, पण थांबूनही आलीच अंगावर, तर? काठी नको म्हणतेस, मग काय करू?

मावशी : काठी नको असं मी म्हटलेलं नाही. काठी, छत्री, पाण्याची बाटली, काहीही हातात ठेव. पण ते तुझ्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायला. छत्री फट्कन उघडलीस तर बहुतेक कुत्री बिचकतात, आणि आडोसाही होतो. काठी उगारलीस की टोळकं चवताळतं. एक मागे हटतं, तोवर दुसरं बाजूनं येतं. दगडाचंही तेच. एकटं कुत्रं असेल तर तू नुसतं जमिनीकडे वाकलास तरी ते पळेल, कारण आपल्या गल्ल्यांमधल्या कुत्र्यांना वाकलेला माणूस म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण टोळक्यासमोर वाकू नकोस, तोंड त्यांच्या उंचीवर येतं.

भाचा : आमच्या ग्रुपमधले काही जण मिरचीचा फवारा घेऊन धावतात.

मावशी : मरीन ड्राइव्हला समुद्रावरून वारा आला की तो फवारा कुणाच्या डोळ्यांत जाईल? अगदी दात लागायची वेळ आली, तर बाटली, टोपी, कमरेचं जॅकेट, जे हाताशी असेल ते कुत्र्याच्या तोंडात जाऊ दे. आणि पडलास तर गुडघे पोटाशी घे, मुठी कानांवर, हातांनी मान झाक, तोंड जमिनीकडे. पडणं हेच सर्वांत वाईट. 2023 मध्ये अहमदाबादला एका मोठ्या चहा कंपनीचे संचालक सकाळी फिरायला गेले असताना कुत्र्यांपासून बचाव करताना पडले, डोक्याला मार लागला आणि त्यातच गेले. म्हणून सांगते, पळू नकोस. पळताना माणूस मागे बघतो आणि अडखळतो.

भाचा : मान्य. मी थांबेन, इअरफोन काढेन, रस्ताही बदलेन. पण आता माझं ऐक. मी हौसेनं धावतो. मला रस्ता बदलता येतो, वेळ बदलता येते, अगदीच झालं तर जिममध्ये जाता येतं. दादरच्या फूल मार्केटात रात्रीच माल उतरवायला येणाऱ्या बाईनं कुठला रस्ता बदलायचा? पेपर टाकणाऱ्या पोरानं सायकलवरून उतरून किती वेळा तिरकं उभं राहायचं? पहाटे झाडू घेऊन निघालेल्या सफाई कामगारानं कचऱ्याच्या डब्यापाशी जायचंच नाही का? तू जे सगळं शिकवलंस, त्याचं ओझं माणसावरच आहे. रस्ता महापालिकेचा, कर आमचा, आणि थांबायचं आम्हीच?

मावशी : हा प्रश्न खरा आहे. त्या क्षणी थांबायचं ते तूच, कारण त्या क्षणी तिथं महापालिका नसते. पण ओझं कायमचं तुझ्यावर टाकून शहरानं हात झटकावेत, हे मलाही मान्य नाही.

भाचा : मग उचला ना ती कुत्री! सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2025 ला दिल्ली परिसरासाठी तेच सांगितलं होतं. सगळी पकडा, निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका.

मावशी : आणि 22 ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो आदेश बदलला. निर्बीजीकरण करा, लस द्या, जंतांचं औषध द्या आणि जिथून उचललं तिथंच सोडा. पिसाळलेलं किंवा आक्रमक कुत्रं मात्र सोडायचं नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा पायाही तोच आहे.

भाचा : आणि 7 नोव्हेंबरला त्याच न्यायालयानं सांगितलं की शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री काढा आणि तिथं परत सोडू नका. म्हणजे माणसाच्या सुरक्षिततेसाठी काही जागा मोकळ्या करता येतात, हे न्यायालयानंच मानलं.

मावशी : मानलं, आणि रुग्णालयाच्या आवारात कुत्री नसावीत हे मला चाळीस वर्षं आधीच पटलं असतं. पण ‘सगळी उचला’ हा मार्ग मुंबईनं शंभराहून अधिक वर्षं वापरून पाहिलाय. 1832 च्या जूनमध्ये कंपनी सरकारचे शिपाई कोटात कुत्री मारत फिरत होते. बक्षिसाच्या आशेनं ते मालकांची कुत्रीही धरू लागले. पारशी समाजाला कुत्रा पवित्र. अंत्यसंस्कारातही त्याला स्थान आहे. पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. त्यानंतरही मारणं चालूच राहिलं. अगदी 1994 पर्यंत महापालिका कुत्री मारत होती. संपली का?

भाचा : नाही संपली. पण त्यानंतर निर्बीजीकरणानं तरी काय झालं? 2014 च्या गणनेत मुंबईत सुमारे 95 हजार भटकी कुत्री होती. दहा वर्षांनी झालेल्या पाहणीत सुमारे 90 हजार. या वेगानं माझी नातवंडंही हिंदमातापाशी तिरकीच उभी राहतील.

मावशी : संख्या वाढली नाही, हे कमी नाही. या दहा वर्षांत शहरातला उघड्यावरचा कचरा काही कमी झाला नव्हता. एका गल्लीतली कुत्री काढलीस आणि कचऱ्याचा ढीग तिथंच ठेवलास, तर शेजारची कुत्री येणार. तीही लस न दिलेली, त्या गल्लीतल्या माणसांना न ओळखणारी. तू रोज धावतोस त्या रस्त्यावर ओळखीची, कानाला खाच असलेली कुत्री बरी की दर महिन्याला नवी?

भाचा : कानाला खाच म्हणजे?

मावशी : निर्बीजीकरण झालं की कानाच्या टोकाला खाच पाडतात. पहाटे बघत जा. खाच असलेली मादी म्हणजे पिल्लं नाहीत, खाच असलेला नर म्हणजे माजाची मारामारी कमी. खाच नसलेलं कुत्रं दिसलं तर 1916 ला कळव. तेही स्वसंरक्षणच आहे.

भाचा : पण खाच असलेलं कुत्रंही चावतं, मावशी.

मावशी : चावतं. म्हणूनच चावा आणि रेबीज या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. चावे पूर्ण थांबवणं कुणालाही जमलेलं नाही. रेबीज थांबवता येतो. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाली तर विषाणूची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लांब कशाला, गोव्यात बघ. तिथं कुत्री मारली नाहीत. जाळी घेऊन गावोगाव फिरून लस दिली. 2018 नंतर काही वर्षं तिथं माणसाचा एकही रेबीजमृत्यू नोंदला गेला नाही, आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. मुंबईला जमणार नाही असं त्यात काय आहे?

भाचा : तू वॉर्डात रेबीजचा रुग्ण पाहिलायस का?

मावशी : पाहिलाय. ग्लासातलं पाणी दिसलं तरी घसा आवळून येतो, पंख्याची झुळूक सोसत नाही, आणि मधूनमधून माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. नातेवाईकांची नावं घेतो. लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून माझं कुत्र्यांवर प्रेम असलं तरी चाव्याच्या बाबतीत मी कुणाला एक दिवसही थांबू देत नाही. 2025 मध्ये उत्तर प्रदेशातला एक राज्यस्तरीय कबड्डीपटू नाल्यात पडलेलं पिल्लू काढायला गेला. ते चावलं, किरकोळ म्हणून त्यानं लस घेतली नाही. गेला. तुझ्यासारखाच कसलेल्या शरीराचा मुलगा.

भाचा : समज उद्या लागलेच दात. पहिलं काय करायचं?

मावशी : नळ आणि साबण. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फाटतं. हळद नको, तिखट नको, चुना नको, घट्ट पट्टी नको, घाईनं टाके नकोत. मग त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जायचं, तिथं लस मिळते. नुसतं ओरखडलं असेल आणि रक्त आलं नसेल तरी लस लागते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडंही लागतात, कारण लशीनं शरीरात संरक्षण तयार व्हायला काही दिवस जातात आणि तेवढ्यात विषाणू मज्जातंतूंवरून मेंदूकडे निघालेला असतो. चेहरा, मान, बोटं इथं चावलं तर धोका जास्त. आणि एक डोस घेऊन थांबायचं नाही. डॉक्टर देतील त्या सगळ्या तारखा पाळायच्या.

भाचा : आई अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांचं सांगते.

मावशी : ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, आणि परळच्या हाफकिन संस्थेतही ती वर्षानुवर्षं तयार झाली. त्रासदायक होती, पण तिनं असंख्य जीव वाचवले. 2004 नंतर देशात ती बंद झाली. आता दंडात चारपाच वेळा टोचतात. त्या चौदा सुयांच्या भीतीनं आजही माणसं लस टाळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू रोज अंधारात धावतोस, तर चावण्याआधीच घेता येणाऱ्या लशीबद्दल डॉक्टरांना विचार. ती घेतलेली असेल तर पुढे चावल्यावर कमी डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

भाचा : विचारतो. पण आता तुझ्या बाजूचं बोलू. तू दूधभात घालतेस ते जिन्याच्या तोंडाशी. रात्रपाळीहून येणारा माणूस तिथूनच जातो. कुत्री तुझी वाट बघत बसतात आणि ती जागा त्यांची हद्द होते. तू पुण्य करतेस, चावा दुसऱ्याला बसतो.

मावशी : तुझं बरोबर आहे, आणि नियमही तुझ्याच बाजूनं आहे. 2023 च्या नियमांत खाऊ घालायची जागा जिन्यापासून, फाटकापासून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठरवायला सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयानंही रस्त्यावर वाटेल तिथं घालू नका, ठरलेल्या जागीच घाला, असं म्हटलंय. मी जागा बदलेन. वेळ ठरवेन, उरलेलं उचलून नेईन.

भाचा : तेवढं पुरत नाही. जो खायला घालतो त्यानं त्या कुत्र्यांच्या लशीची जबाबदारी घ्यावी. दरवर्षी. जी कुत्री तुझ्या हाकेला येतात ती पकडणं तुलाच सोपं आहे. महापालिकेची गाडी आली की तुझ्याशिवाय ती लपून बसतात. आणि एखादं सतत माणसांच्या अंगावर जात असेल, तर ते उचलायला आलेल्या गाडीच्या आड तू उभी राहायचं नाहीस.

मावशी : लशीचं कबूल. दुसरं जड जातं, पण कबूल. जे कुत्रं खरोखर चावरं झालंय त्याला पाठीशी घातलं तर उरलेल्या पन्नास कुत्र्यांवर दगड पडतात. मात्र ‘आक्रमक’ कोण हे पशुवैद्यानं ठरवावं. भुंकल्याची तक्रार पुरेशी धरू नये. परळला 1886 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथंच प्राण्यांचं जुनं बाई साकरबाई रुग्णालय आहे, शेजारी हाफकिन आहे, केईएम रुग्णालय आहे. कुत्रा आणि माणूस या दोघांना समजणारे इतके लोक एका मैलाच्या आत दुसऱ्या कुठल्या शहरात असतील? त्यांना एका टेबलावर बसवायला हवं.

भाचा : बसवा. तरीही माझं मत मी सोडत नाही. शहर मोठं होत जाईल तसं रस्त्यावर कुत्रं नसणं हेच ध्येय असायला हवं. प्रत्येक कुत्र्याला घर आणि मालक हवा. रस्ता हे कुत्र्याचंही घर नव्हे. गाडीखाली चिरडणं, खरूज, उपासमार, याला तू प्रेम म्हणतेस?

मावशी : ध्येयावर आपलं भांडण नाहीच. माझं म्हणणं मार्गाबद्दल आहे. एका पिढीत, नसबंदीनं आणि दत्तक देण्यानं रस्ते रिकामे झाले तर मला आनंदच होईल. एका रात्रीत, गाड्या भरून रिकामे करायला निघालात तर मी आडवी येईन.

या दोघांचं शेवटी एकमत होत नाही, आणि व्हायलाही नको. पण कुणी न्याय द्यायचाच म्हटला तर तो असा द्यावा लागेल. त्या क्षणाच्या बाबतीत मावशीचं खरं आहे: पळणं हा बचाव नाही, थांबणं हा बचाव आहे, आणि ते प्रत्येक धावणाऱ्याला यायलाच हवं. हक्काच्या बाबतीत भाच्याचं खरं आहे: धावणाऱ्याला थांबायला शिकवून शहराची जबाबदारी संपत नाही, कारण पहाटे रस्त्यावर असणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिथं असण्यावाचून पर्याय नसतो. या दोन खऱ्या गोष्टींना जोडणारं काम एकच आहे आणि ते दोन्ही बाजूंना आजपासून करता येतं, ते म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याची दरवर्षी लस आणि एकदाचं निर्बीजीकरण. कुत्रा हवा म्हणणाऱ्यालाही ते हवं आहे, नको म्हणणाऱ्यालाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. तुम्ही धावत असाल तर या आठवड्यात तुमच्या वाटेवरच्या कुत्र्यांचे कान बघा. तुम्ही त्यांना खायला घालत असाल तर शेवटची लस कधी दिली हे लिहून ठेवा. खाच नसेल, लस झाली नसेल, तर महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर दोघांनी मिळून फोन करा, आणि गाडी येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आणि कुत्र्याचा दात लागला, कितीही लहान असला, तर साबण-पाणी आणि त्याच दिवशी रुग्णालय. यात चालढकल करू नका.